डिलीट एका ओळीचं दाबलं, गेली दुसरीच: जावा ॲपमधले क्लिक लिसनर लावायचे कुठे आणि कसे

मंडळी, हा प्रॉब्लेम इतक्या वेगवेगळ्या ॲपमध्ये आणि इतक्या वेळा बघितलाय की आता एकदा बसून सगळं लिहूनच काढतो. कोणी विचारलं की आपण घाईत एक ओळ सांगतो, त्याचं तेवढं भागतं आणि पंधरा दिवसांनी तोच माणूस तेच घेऊन परत येतो. अँड्रॉइड, जावा, बटणं, लिस्ट आणि त्यांचे क्लिक, एवढाच विषय आहे.

माझ्याकडे एका दूध संस्थेचं संकलनाचं ॲप मेंटेनन्सला आहे, जुनं आहे, पूर्ण जावात. सकाळी लोक किटल्या घेऊन रांगेत उभे असतात, काउंटरवरचा मुलगा उत्पादकाचा कोड टाकतो, लिटर टाकतो, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) टाकतो, 'नोंद करा' दाबतो, पावती निघते, पुढचा माणूस. खाली त्या पाळीच्या नोंदींची यादी दिसते आणि प्रत्येक ओळीला डिलीटचं छोटं बटण आहे. एक दिवस सकाळीच सचिवांचा फोन. "अहो, १४२ ची नोंद काढली तर १४३ ची गेली, त्याच्या हातात पावती आहे आणि आपल्या यादीत तो नाहीच, आता त्याला काय सांगू?" त्याआधीच्या आठवड्यात दुसरी तक्रार होती, एकाच माणसाची नोंद दोनदा पडली. आणि त्याच्याही आधी 'दर बदला' बटणाचं काम आम्ही कोडमध्ये बदललं तरी ॲप जुनंच काम करत होतं. तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाटतात पण मूळ एकच निघालं: क्लिकची जोडणी कुठं आणि क्लिकचं काम कुठं, याचा कोडमध्ये काही पत्ताच नव्हता.

ती ॲक्टिव्हिटी (त्या स्क्रीनचा क्लास) उघडली तर ऑनक्रिएट, म्हणजे स्क्रीन तयार होताना चालणारी मेथडच चारशे ओळींची. काही बटणांना तिथंच निनावी क्लास लिहून लिसनर (क्लिक झाला की चालणारं कोड) लावलेला, काहींना लॅम्डा (तेच काम थोडक्यात लिहिलेलं बिननावी फंक्शन), काहींचं नाव लेआउटच्या एक्सएमएलमध्ये ऑनक्लिक म्हणून दिलेलं, आणि वर ॲक्टिव्हिटीनं स्वतःच ऑनक्लिकलिसनर इंटरफेस घेतलेला, त्यात आयडीवरून स्विच केस. पाच वर्षांत चार जणांनी हात लावला की असंच होतं, कोणाला दोष नाही, प्रत्येकानं आपापल्या सवयीनं एक एक बटण वाढवलं. पण आता बटण दाबल्यावर नेमकं कुठलं कोड चालतं हे सांगायला कोणी छातीठोक तयार नाही.

तर आधी ते शोधायचं. सगळ्यात पहिलं काम, दुरुस्ती नाही करायची, फक्त बघायचं. ज्या बटणाचा प्रॉब्लेम आहे त्याच्या आयडीवर 'फाइंड युसेजेस' मारा आणि त्याला लिसनर किती ठिकाणी लावलाय ते मोजा. एक गोष्ट पक्की लक्षात घ्या: एका व्ह्यूला (बटण, टेक्स्ट, स्क्रीनवरचा कुठलाही घटक) ऑनक्लिकलिसनर एकच राहतो. सेटऑनक्लिकलिसनर दुसऱ्यांदा बोलावलं की पहिला पुसला जातो, दोन्ही चालत नाहीत, एरर येत नाही, वॉर्निंगही नाही. आमच्या 'दर बदला' बटणाचं हेच झालेलं, ऑनक्रिएटमध्ये एक लिसनर होता आणि दरपत्रक लोड झाल्यावर चालणाऱ्या मेथडमध्ये आणखी एक, आम्ही बिचारे पहिल्यात बदल करून बिल्ड मारतोय आणि चालतोय दुसरा. एक्सएमएलमधल्या ऑनक्लिकचंही तसंच, लेआउट फुगवताना तो आतून लिसनरच लावतो, त्यामुळे जावातून नंतर लावलात की तो गेला. शंका असेल तर प्रत्येक हँडलरच्या पहिल्या ओळीत एक लॉग टाका नाहीतर ब्रेकपॉइंट ठेवा, दोन मिनिटांत कळतं.

आता मुख्य प्रकरण, चुकीची ओळ डिलीट होणं. याच्यावर जरा थांबू, कारण हे नीट समजलं की बाकीचं आपोआप समजतं.

आमची यादी रिसायकलरव्ह्यूची, आणि तिला ओळी पुरवणाऱ्या ॲडॅप्टरमध्ये लिसनर ऑनबाइंडव्ह्यूहोल्डरमध्ये, म्हणजे ओळीत नोंद भरणाऱ्या (बाइंड करणाऱ्या) मेथडमध्ये लावलेला होता आणि त्यात पॅरामीटरनं आलेली पोझिशन, म्हणजे ओळीचा क्रमांक, तशीच लॅम्डाच्या आत वापरलेली. अँड्रॉइड स्टुडिओ तिथं पिवळी वॉर्निंग देतो की पोझिशन कायमची धरून चालू नका, पण आपण पिवळ्याकडे बघत नाही. आता यादीत १३८ ते १४३ अशा सहा नोंदी आहेत असं धरा. मोजणी शून्यापासून, म्हणजे १३८ शून्यावर, १४१ तीनवर, १४२ चारवर, १४३ पाचवर. मुलानं आधी १४१ डिलीट केली. बरोबर गेली. यादीतून काढली, नोटिफायआयटमरिमूव्ह्ड बोलावलं, ओळ सरकून नाहीशी झाली, दिसायला एकदम छान. पण नोटिफायआयटमरिमूव्ह्ड खालच्या ओळी परत बाइंड करत नाही, त्या फक्त वर सरकवतो. म्हणजे १४२ आता तीनवर आली पण तिच्या लिसनरच्या पोटात अजून चारच आहे. मुलानं १४२ चं डिलीट दाबलं, लिसनर म्हणाला चार नंबर काढा, आणि चारवर आता कोण बसलंय? १४३. गेला तो. आणि समजा १४२ च्या ऐवजी शेवटच्या १४३ चंच डिलीट दाबलं असतं तर लिसनर पाच नंबर मागतो, यादीत उरलेत पाचच, म्हणजे शेवटचा चार नंबर, ॲप इंडेक्स आउट ऑफ बाउंड्सनं क्रॅश.

म्हणूनच हा बग टेस्टिंगमध्ये सापडत नाही. टेस्ट करणारा एक ओळ डिलीट करतो, बरोबर गेली बघतो आणि टिक मारतो. चूक होते दुसऱ्या डिलीटला, तेही पहिल्या ओळीच्या खालची निवडली तरच, आणि मधे स्क्रोल करून ओळ बाहेर गेली नि परत बाइंड होऊन आली तर पुन्हा सगळं बरोबर. "कधी कधी होतं" अशी तक्रार आली की मी आता आधी हेच बघतो.

बरेच जण इथं नोटिफायआयटमरिमूव्ह्डच्या जागी नोटिफायडेटासेटचेंज्ड टाकून मोकळे होतात. बग दिसेनासा होतो हे खरं, कारण सगळ्या दिसणाऱ्या ओळी परत बाइंड होतात, पण ॲनिमेशन जातं, एका ओळीसाठी सगळी यादी परत काढली जाते, आणि चुकीची पोझिशन धरून ठेवणारं कोड तसंच आत राहतं. उद्या कोणी डिफयुटिल (जुन्या-नव्या यादीतला फरक काढून तेवढ्याच ओळी बदलणारं) आणलं की परत तोच फोन.

खरा उपाय असा: लिसनर बाइंडमध्ये लावायचाच नाही. तो व्ह्यूहोल्डर (एका ओळीचे व्ह्यू धरून ठेवणारा ऑब्जेक्ट) तयार होतो तेव्हा एकदाच लावायचा, ऑनक्रिएटव्ह्यूहोल्डरमध्ये किंवा होल्डरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, आणि पोझिशन लावताना नाही तर क्लिकच्या क्षणी विचारायची, गेटबाइंडिंगॲडॅप्टरपोझिशन ही मेथड त्यासाठीच आहे. रिसायकलरव्ह्यूच्या १.२.० पासून, म्हणजे २०२१ पासून ती आहे आणि जुनी गेटॲडॅप्टरपोझिशन तेव्हापासून डेप्रिकेटेड, म्हणजे चालते पण वापरू नका म्हणून सांगितलेली. उत्तर उणे एक, म्हणजे नोपोझिशन आलं तर काहीही न करता परत फिरायचं. हा चेक गाळू नका, ओळ निघून जाण्याचं ॲनिमेशन चालू असताना घाईत कोणी परत बोट लावलं की उणे एक येतोच.

आणि आणखी एक पायरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ॲडॅप्टरनं बाहेर पोझिशन द्यायचीच नाही, नोंद द्यायची. आपला एक छोटा इंटरफेस करा, त्यात 'नोंद डिलीट करायची आहे' अशी एकच मेथड, पॅरामीटर म्हणजे अख्खी नोंद किंवा तिचा आयडी. कारण आमच्याकडे डिलीटच्या आधी 'नक्की काढायची का?' असा डायलॉग येतो, मुलगा तेवढ्यात रांगेतल्या माणसाशी बोलतो, डायलॉग उघडाच, मागे सिंक होऊन दुसऱ्या काट्यावरच्या दोन नोंदी यादीत येतात, आणि मग तो 'हो' दाबतो. क्लिकच्या वेळची बरोबर पोझिशन 'हो' म्हणेपर्यंत चुकीची झालेली असते. आयडी मात्र तोच राहतो. डेटाबेसमधून आयडीनं काढा, यादीत आयडीनं शोधा, पोझिशन फक्त ॲनिमेशनला सांगायच्या वेळी.

ओळीत चेकबॉक्स असेल तर तिथं वेगळीच गंमत आहे, सेटचेक्ड कोडमधून केलं तरी चेंज लिसनर वाजतो, त्यामुळे बाइंड करताना आधी लिसनर नल करा, टिक लावा किंवा काढा, मग लिसनर परत लावा. नाहीतर नुसतं स्क्रोल केल्यावर टिका बदलल्याची नोंद डेटाबेसमध्ये पडते.

आता दोनदा एन्ट्री पडण्याचं. गर्दीत माणूस बटण दोनदा दाबणारच, त्याला दाबू नको म्हणून सांगण्यात अर्थ नाही. आमच्या कोडमध्ये हे सांभाळलेलं होतं, म्हणजे निदान तसं वाटत होतं: क्लिक झाला की सेटइनेबल्ड फॉल्स, मग डेटाबेसमध्ये नोंद, मग प्रिंटरला पावती, मग सेटइनेबल्ड ट्रू. बघायला बरोबर. पण हे सगळं मेन थ्रेडवर, म्हणजे जो स्क्रीन रंगवतो आणि टच घेतो त्याच थ्रेडवर. म्हणजे पहिल्या क्लिकचं काम चालू असताना स्क्रीन गोठलेली, त्याच दीड सेकंदात मुलानं दुसरं बोट मारलं, तो टच रांगेत थांबला, काम संपलं, बटण इनेबल झालं, आणि मग तो थांबलेला टच हातात आला तेव्हा बटण चालू! नोंद दुसऱ्यांदा. मधल्या काळात बटण बंद होतं ते कोणाला दिसलंच नाही, कारण स्क्रीनला रंगवायलाही वेळ मिळाला नव्हता.

इथं लोक टाइमर लावतात, मागच्या क्लिकनंतर अमुक मिलीसेकंद गेले नसतील तर दुर्लक्ष. ठीक आहे, मीही लावतो, सहाशे मिलीसेकंद मला बरे वाटतात, आणि वेळ मोजायला सिस्टिमक्लॉकचं इलॅप्स्डरियलटाइम घ्या, करंटटाइममिलिस नको, फोनची तारीख-वेळ कोणी बदलली किंवा नेटवर्कनं दुरुस्त केली की हिशोब बिघडतो. पण वरच्या केसमध्ये टाइमरही उपयोगाचा नाही, दीड सेकंद गोठल्यावर सहाशे मिलीसेकंद कधीच होऊन गेलेले असतात. म्हणून आधी डेटाबेस आणि प्रिंटरचं काम बॅकग्राउंडला न्या, साधा सिंगल थ्रेड एक्झिक्युटर पुरतो, आणि बटण परत चालू करायचं ते काम संपल्याचा निरोप मेन थ्रेडवर आल्यावर. यश आलं तरी आणि फेल झालं तरी, दोन्हीकडे. फेलकडे विसरलात तर प्रिंटरचा कागद संपला की बटण कायमचं मेलं आणि रांग थांबली. तसंही टचला पाच सेकंद उत्तर दिलं नाही तर सिस्टिम 'ॲप प्रतिसाद देत नाही' दाखवते, तेव्हा हे काम आज ना उद्या करायचंच आहे.

आणि तरीही डेटाबेसला कुलूप हवंच. तारीख, पाळी, उत्पादक कोड आणि दुधाचा प्रकार यांच्यावर युनिक इंडेक्स लावला, म्हणजे या चारही गोष्टी सारख्या असलेली दुसरी नोंद डेटाबेस घेतच नाही. दुधाचा प्रकार विसरू नका, एकाच घरातून गाईचं आणि म्हशीचं वेगवेगळं दूध येतं, फक्त कोडवर युनिक लावलं तर म्हशीचं दूध घेतच नाही आणि नवीन तक्रार सुरू.

स्विच केसवाल्यांसाठी थोडं. अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ८.० वर गेल्यावर, म्हणजे २०२३ पासून, अचानक 'कॉन्स्टंट एक्स्प्रेशन रिक्वायर्ड' म्हणून बिल्ड फेल होतो, काल चालत होतं आज काय झालं. काही बिघडलेलं नाही, रिसोर्सचे आयडी आता डिफॉल्टनं फायनल नसतात, आणि जावाच्या केसला फायनल कॉन्स्टंटच लागतो. लायब्ररी मॉड्यूलमध्ये हे खूप आधीपासून होतं, आता ॲप मॉड्यूलमध्येही आलं. घाई असेल तर ग्रेडल प्रॉपर्टीजमध्ये नॉनफायनलरेसआयडीज फॉल्स करून आजचा दिवस काढा, किंवा स्विच शब्दावर कर्सर ठेवून आल्ट एंटर मारा, स्टुडिओ स्वतः इफ-एल्स करून देतो. पण मी म्हणेन की हे निमित्त समजून ती स्विचच काढा. वीस बटणांचं काम एका ऑनक्लिकमध्ये कोंबायचं आणि मग आयडी बघून परत वेगळं करायचं, यात मिळतं काय? कोणी नवीन बटण टाकलं आणि केस लिहिली पण लिसनर लावायला विसरला, की शोधत बसा.

एक्सएमएलमधलं ऑनक्लिकही मी काढायला सांगतो. मेथडचं नाव तिथं नुसतं अक्षरांत लिहिलेलं असतं, शोध रनटाइमला लागतो, एक अक्षर चुकलं किंवा मेथड पब्लिक नसली तर बिल्ड सुरळीत आणि दाबल्यावर क्रॅश. फ्रॅगमेंटमध्ये (ॲक्टिव्हिटीच्या आत बसणारा स्क्रीनचा तुकडा) तर हमखास फसतं, कारण शोध ॲक्टिव्हिटीत होतो, मेथड फ्रॅगमेंटमध्ये. एपीआय ३१ (अँड्रॉइड १२) पासून ते डेप्रिकेटेडच आहे.

आता मांडणी. आम्ही शेवटी जे केलं ते एवढंच आहे. प्रत्येक स्क्रीनला एकच मेथड, तिचं काम फक्त जोडणी, आणि आख्ख्या क्लासमध्ये सेटऑनक्लिकलिसनर हा शब्द त्या मेथडच्या बाहेर दिसता कामा नये. प्रत्येक बटणाला एका ओळीचा लॅम्डा, आणि त्या ओळीत नाव असलेल्या मेथडला हाक, बाकी काही नाही. नावं इथं देवनागरीत लिहितोय, तुम्ही आपल्या नेहमीच्या नावांनी टाइप करा:

व्हॉइड क्लिक_जोडणी() {
बाइंडिंग.नोंदकरा.सेटऑनक्लिकलिसनर(व्ह्यू -> नोंद_करा());
बाइंडिंग.दरबदला.सेटऑनक्लिकलिसनर(व्ह्यू -> दर_स्क्रीन_उघडा());
बाइंडिंग.पाळीबदला.सेटऑनक्लिकलिसनर(व्ह्यू -> पाळी_बदला());
}

नवीन माणूस आला तरी या तीन ओळी वाचून त्याला स्क्रीन कळते. लॅम्डात इफ आला, लूप आला, डेटाबेस आला की ते बाहेर मेथडमध्ये काढायचं, रिव्ह्यूला मी एवढंच बघतो. ही मेथड ॲक्टिव्हिटीत सेटकंटेंटव्ह्यूच्या लगेच नंतर बोलवा, आधी बोलावली आणि फाइंडव्ह्यूबायआयडी वापरत असाल तर नल पॉइंटर ठरलेला. फ्रॅगमेंटमध्ये ऑनव्ह्यूक्रिएटेडमध्ये, आणि बाइंडिंग ऑनडिस्ट्रॉयव्ह्यूमध्ये नल करायला विसरू नका. व्ह्यू बाइंडिंग (लेआउटमधली बटणं कोडमध्ये थेट नावानं देणारी सोय, वरचं 'बाइंडिंग' तेच) स्टुडिओ ३.६ पासून, २०२० पासून आहे, ग्रेडलमध्ये एक ओळ लिहून चालू होतं, जुन्या ॲपमध्ये बटरनाइफ (याच कामाची जुनी लायब्ररी) असेल तर हळूहळू इकडं या, तो प्रकल्पच आता थांबवलाय आणि तेही व्ह्यू बाइंडिंगकडेच जायला सांगतात.

एक अपवाद मात्र ठेवलाय. लिटर आणि फॅट टाकायला आमच्या स्क्रीनवर स्वतःचा मोठा आकड्यांचा कीपॅड आहे, थंडीत ओल्या हातानं दाबता यावा म्हणून. तिथं शून्य ते नऊ सगळी बटणं एकच काम करतात, फक्त आकडा वेगळा. दहा लॅम्डा कशाला, एकच लिसनर केला आणि आकडा बटणाच्या टॅगमधून घेतला. काम एकच असेल तर लिसनर एकच शोभतो. कामं वेगळी असतील तर नाही.

निनावी क्लासचे लॅम्डा करताना एक ठेच लागते: निनावी क्लासच्या आत धिस म्हणजे तो लिसनर असतो, लॅम्डात धिस म्हणजे बाहेरची ॲक्टिव्हिटी. इंटेंटमध्ये किंवा टोस्टमध्ये नुसतं धिस देऊन एरर येत होता त्याचं कारण हे. आणि 'इनकम्पॅटिबल टाइप्स' म्हणत असेल तर वर इंपोर्ट बघा, ऑटो इंपोर्टनं डायलॉगइंटरफेसचा ऑनक्लिकलिसनर आणलेला असतो, बटणाला व्ह्यूचा लागतो, नाव दोघांचं एकच.

आणि क्लिक अजिबातच लागत नसेल तर? ओळीवर क्लिक लागत नाही आणि ओळीत एखादं बटण किंवा क्लिकेबल टेक्स्ट आहे, तर तो पोराचा हट्ट आहे, मूल टच खातं, आईपर्यंत पोचतच नाही. सेटऑनक्लिकलिसनर नल केला म्हणजे क्लिक बंद झाला असं समजू नका, ती मेथड नल दिलं तरी व्ह्यूला क्लिकेबल करते, आणि मग तो व्ह्यू काही न करता टच गिळत बसतो. सेटक्लिकेबल फॉल्स करायचं तर लिसनर लावल्यानंतर करा, आधी केलेलं पुसलं जातं. ऑनटच लिसनर ट्रू परत देत असेल तर ऑनक्लिक चालणारच नाही. जुन्या लिस्टव्ह्यूच्या ओळीत बटण ठेवलं आणि ऑनआयटमक्लिक बंद पडलं, तर ओळीच्या रूट लेआउटला डिसेंडंटफोकसेबिलिटी ब्लॉक्स-डिसेंडंट्स द्या. आणि डिलीटचं बटण ४८ डीपीपेक्षा लहान असेल तर कोड सोडा, आधी ते मोठं करा, आमचं २४ होतं.

आता प्रत्येक बिल्ड संस्थेला द्यायच्या आधी त्यांच्याकडे आहे तसल्याच जुन्या, कमी रॅमच्या फोनवर आम्ही एवढं करतो: सहा नोंदी टाकायच्या, मधली काढायची, लगेच तिच्या खालची, लगेच सगळ्यात शेवटची, स्क्रोल न करता. मग डायलॉग उघडा ठेवून दुसऱ्या फोनवरून दोन नोंदी सिंक करायच्या आणि मग 'हो'. मग प्रिंटर बंद ठेवून 'नोंद करा' पटापट चार वेळा. यादी आणि डेटाबेस दोन्हीकडे कोड नंबर जुळले की मगच पाठवतो. १४३ ची ती नोंद त्याच दिवशी पावती बघून हातानं परत घातली, लिटर आणि फॅट पावतीवर होते म्हणून जमलं. तुमच्या ॲपमध्ये अशी पावती नसेल तर डिलीट करताना ओळ खरीखुरी पुसू नका, 'काढलेली' असा एक कॉलम ठेवा म्हणजे परत आणता येते.